सोप्या मराठीच्या स्पर्धेत माहितीपत्रक पाठवायचंय, पण परीक्षक नक्की काय बघतात?

सिन्नरच्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेने जामीनकी कर्जाचं चार पानी माहितीपत्रक यंदा सोप्या मराठीत नव्याने लिहून दोन पानांत बसवलं. स्पष्ट, सोप्या भाषेतल्या लेखनाच्या स्पर्धेला ते पाठवायचं ठरलंय. प्रवेशिकेत जुना मजकूर, नवा मजकूर आणि पाचशे शब्दांचं टिपण मागितलंय, मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. संस्थेचे वकील म्हणतात, "कायदेशीर वजन गेलं." संचालक मंडळातले निवृत्त शिक्षक म्हणतात, "भाषेचा दर्जा उतरला." तर पत्रकात काय दुरुस्त करावं, आणि जिंकायला काय लागतं?

मी बरीच वर्षं नाशिकमध्ये बँका, सहकारी संस्था आणि शेतकरी कंपन्यांसाठी अर्ज, सूचनापत्रं आणि करारांचे सारांश लिहिते. अशा स्पर्धांना प्रवेशिका पाठवल्या आहेत आणि परीक्षकांच्या बाजूलाही बसले आहे. त्या दोन्ही बाजू धरून सांगते.

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, संचालक आहेत, तुम्ही स्वतः आहात. कर्जदार आणि जामीनदार मात्र कुठेच नाहीत. ते पत्रक कोणी वाचलं, वाचून त्याला काय कळलं, काय कळलं नाही, याबद्दल एक ओळही नाही. परीक्षक नेमकं तेच शोधतात. भाषा साधी झाली की नाही हे तर पहिल्या परिच्छेदातच दिसतं. त्या भाषेमुळे सिन्नरच्या माणसाला सही करण्याआधी आपण काय कबूल करतोय हे समजलं का, हे प्रवेशिकेतून दिसावं लागतं.

काही गोष्टी तुमच्या स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून आहेत, आणि स्पर्धेचं नाव तुम्ही दिलेलं नाही. तेव्हा नियमावलीत आधी हे बघा: परीक्षक मराठी मजकूर थेट वाचणार की भाषांतर मागणार, पत्रक किती काळात वापरात आलेलं असावं, आणि निकालानंतर प्रत्येक प्रवेशिकेला लेखी अभिप्राय मिळतो का. अभिप्राय मिळत असेल तर जिंकण्याची शक्यता कमी वाटली तरी पाठवा. बाहेरच्या जाणकाराने तुमचं पत्रक बारकाईने वाचून मत देणं सहसा वाट्याला येत नाही. विभागही नीट निवडा. काही ठिकाणी "उत्तम दस्तऐवज" आणि "सर्वांत मोठा बदल" असे वेगळे विभाग असतात. न्यूझीलंडमध्ये २००६ पासून होणाऱ्या स्पर्धेत तर एका वाक्याच्या पुनर्लेखनालाही वेगळा पुरस्कार आहे, आणि सर्वांत दुर्बोध मजकुरालाही. अमेरिकेत 'क्लिअरमार्क' पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाले. ब्रिटनमध्ये सोप्या भाषेची चळवळ १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरवर सरकारी फॉर्म फाडून सुरू झाली होती. त्या स्पर्धा तिथल्या भाषांसाठी आहेत, पण त्यांतून तयार झालेली मोजपट्टी आपल्यालाही वापरता येते.

ती मोजपट्टी २०२३ मध्ये आयएसओ २४४९५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून निघाली. त्यात चार अपेक्षा आहेत: वाचकाला हवी ती माहिती असावी, ती त्याला सापडावी, सापडलेली समजावी, आणि समजलेली वापरता यावी. सोपे शब्द या चारपैकी फक्त तिसऱ्यात येतात. आपल्याकडे सोपी भाषा म्हटलं की सगळे 'उपरोक्त' आणि 'सदर' काढायला बसतात. ते काढावंच, पण पत्रकाचं खरं बळ पहिल्या आणि चौथ्या अपेक्षेत असतं.

तुमच्याच पत्रकावर बोलू. प्रश्नासोबत तुम्ही जुन्या पत्रकातलं हे वाक्य दिलंय: "सदर कर्जाची मुदतीत परतफेड न झाल्यास कर्जदार व जामीनदार हे वैयक्तिक व सामुदायिकरीत्या व्याज, दंडव्याज व वसुलीखर्चासह संपूर्ण येणे रकमेस जबाबदार राहतील व त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही." नव्यात ते असं झालंय: "कर्ज वेळेत न फेडल्यास कर्जदार आणि जामीनदार दोघेही जबाबदार असतात." वाक्य छोटं झालं, शब्द ओळखीचे झाले. पण जामीनदाराला जे कळायला हवं ते जुन्यातही नव्हतं आणि नव्यातही नाही.

माझा अनुभव असा की जामीन राहणारा बहुतेक माणूस मनात एक क्रम धरून चालतो: संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याची मालमत्ता विकेल, आणि काही उरलंच तर आपल्याकडे येईल. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराकडून वसुली करून बघण्याचं बंधन देणाऱ्यावर नसतं. "दोघेही जबाबदार" हे वाचूनसुद्धा माणूस तोच जुना क्रम डोक्यात ठेवून सही करतो. म्हणून मी असं लिहीन: "कर्जदाराने हप्ते भरले नाहीत, तर संस्था सगळी थकलेली रक्कम जामीनदाराकडून मागू शकते. त्यात व्याज, दंडव्याज आणि वसुलीचा खर्च धरलेला असतो. आधी कर्जदाराकडून वसूल करावं आणि मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन संस्थेवर नाही." हे तुमच्या वाक्यापेक्षा लांब आहे, आणि तरी तेच जास्त स्पष्ट आहे. त्या तक्रारीच्या शेपटाऐवजी तक्रार कुठे आणि कोणाकडे करायची ते लिहा. नुसतं शेपूट कापलं तर वाचकाच्या हातात काहीच राहत नाही.

दुसरी जागा व्याजाची. पत्रकात "व्याजदर द.सा.द.शे. १२" इतकंच आहे. एक लाखाचं कर्ज एका वर्षात बारा हप्त्यांत फेडायचं असेल आणि व्याज दर महिन्याच्या शिल्लक रकमेवर धरलं, तर हप्ता सुमारे ८,८८५ रुपये येतो आणि वर्षाचं व्याज सुमारे ६,६१९ रुपये. तेच व्याज वर्षभर मूळ एक लाखावर धरलं तर ते १२,००० होतं आणि हप्ता ९,३३३ च्या घरात जातो. दर दोन्हीकडे बाराच. तुमची संस्था कोणत्या पद्धतीने धरते ते एका वाक्यात लिहा आणि खाली एक लाखाचं उदाहरण मांडून दाखवा. त्या चौकटीत प्रक्रिया शुल्क, शेअर्सची कपात, विम्याचा हप्ता, जे जे कापून रक्कम हातात पडते ते सगळं यायला हवं. "मंजूर १,००,०००, हातात इतके" ही ओळ वाचक सर्वांत आधी शोधतो.

इथे एक नमुना समोर ठेवता येईल. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचा तक्ता, देणं सक्तीचं केलं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं, त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर द्यावा लागतो, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तुमची पतसंस्था सहकार कायद्याखालची, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागू नाही. तरी त्यातली यादी घेऊन तुमच्या पत्रकाशेजारी ठेवा आणि काय राहिलंय ते बघा. टिपणात हेही लिहिता येईल की बंधन नसताना आम्ही इतकी माहिती देतो.

आता वकील. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि "वजन गेलं" एवढ्यावर थांबूही देऊ नका. त्यांना विनंती करा की नव्या पत्रकातल्या कोणत्या वाक्यामुळे करारनाम्यातला कोणता हक्क किंवा जबाबदारी बदलते, ते त्या वाक्यासमोर लिहून द्या. अशी यादी मागितली की दोन प्रकारचे आक्षेप येतात. काही फक्त सवयीचे असतात आणि लिहायला बसल्यावर आपोआप गळतात. काही मात्र खरे असतात, आणि ते सोन्यासारखे जपावेत. तुमच्या पत्रकात "तीन हप्ते थकले की संस्था कारवाई करते" असं आहे. करारनाम्यात एक हप्ता थकल्यावरही कारवाईचा हक्क असेल, तर हे वाक्य वाचकाला चुकीचा भरवसा देतं. तिथे वकील बरोबर आहेत, वाक्य बदला. आणि पत्रकाच्या वरच्या बाजूला लिहा: "हे पत्रक माहितीसाठी आहे. सही करण्याआधी करारनामा वाचा किंवा वाचून घ्या."

वकिलांचा आणखी एक मुद्दा तुम्ही बाजूला सारलेला दिसतो, तो मी परत आणेन. तुम्ही 'वसुली दाखला' हा शब्द काढून "कायदेशीर कारवाई" केलंत. पण माणसाच्या घरी उद्या जी नोटीस येईल तिच्यावर 'वसुली दाखला' आणि 'कलम १०१' हेच छापलेलं असेल. जो शब्द वाचकाला पुढे भेटणारच आहे तो काढू नये, तो ठेवून समजावून सांगावा: "महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते. तो मिळाला की दिवाणी कोर्टात वेगळा दावा न लावताही तुमच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते." कटू आहे, पण आधी कळलेलं बरं.

शिक्षकांच्या आक्षेपाकडे मी आदराने बघते. आपण कुसुमाग्रजांच्या गावचे, २७ फेब्रुवारीला मराठीचा गौरव करणारे. भाषेचा दर्जा राखावा असं वाटणारी माणसं आपल्याकडे आहेत ही चांगली गोष्ट आहे. त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययनाची पुस्तकं दाखवा. गंगापूर धरणाजवळचं हे विद्यापीठ १९८९ पासून अशा विद्यार्थ्यांना शिकवतंय ज्यांच्यासमोर शिक्षक उभा नसतो. शेती, नोकरी, घर सांभाळून रात्री एकट्याने वाचणाऱ्या माणसासाठी लिहिताना घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं द्यावी लागतात, वाचकाशी थेट बोलावं लागतं, मध्येच त्याला प्रश्न विचारून पाहावं लागतं. ती मराठी काही हलकी नाही. कर्जाचं पत्रक वाचणारा माणूसही तसाच एकटा असतो, आणि काउंटरवर मागे रांग उभी असल्यामुळे त्याला विचारायलाही संकोच वाटतो.

शिवाय शिक्षकांना कामाला लावा. "कर्जदाराने जामीनदाराला कळवल्यावर त्याने आठ दिवसांत संस्थेत यावे," यात 'त्याने' म्हणजे कोणी यायचं? अशी वाक्यं तुमच्या पत्रकात दोन-तीन ठिकाणी आहेत. मराठीत कर्ता गाळण्याची सोय असल्याने आणि 'करण्यात येईल' ची सवय असल्याने कोण काय करणार हे हरवतं. व्याकरण पक्कं असलेल्या माणसाला ते लगेच दिसतं. त्यांना सांगा की प्रत्येक क्रियापदाला कर्ता शोधून द्या. परीक्षकही तेच करतात.

आता मूळ कामाकडे, वाचकांकडे. सात-आठ माणसं शोधा, पण कर्मचाऱ्यांचे नातेवाईक नकोत. तुमच्या पिग्मी एजंटांना विचारा, त्यांना रोज दुकानदार, टपरीवाले, विडी कामगार बाया भेटतात. मुसळगाव औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला एखादा तरुण घ्या. सिन्नरच्या कारखान्यांत बाहेरच्या तालुक्यांतली माणसंही असतात, त्यांतला एखादा जरूर घ्या. सटाणा, कळवण, मालेगावकडच्या घरांत अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोलतात. त्यांच्यासाठी छापील मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे, आणि तुम्हा-आम्हाला साधं वाटणारं एखादं वाक्य त्यांना अडतं. जिथे ते अडतील ती जागा तुमच्या पत्रकाची सर्वांत मौल्यवान माहिती आहे.

विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. "समजलं का?" असं कधीच विचारू नका, सगळे हो म्हणतात, न समजलेलेही. त्याऐवजी प्रसंग द्या: "तुमच्या साडूने दोन लाख घेतलेत, तुम्ही जामीन आहात. त्याने चार महिने हप्ता भरला नाही. पत्रक बघून सांगा, संस्था काय करू शकते?" "तुम्हाला उद्या कर्जासाठी यायचंय, सोबत काय काय आणाल?" मग गप्प बसा. तो कुठे बोट ठेवतो, किती वेळ शोधतो, कोणत्या ओळीवर परत येतो, हे लिहून घ्या. मध्ये समजावून सांगण्याचा मोह होतो, तो आवरा, कारण पत्रकाशेजारी तुम्ही नेहमी उभ्या नसणार. निम्म्या माणसांना जुनं पत्रक द्या आणि निम्म्यांना नवं. एकाच माणसाला दोन्ही दिलीत तर पहिल्यात वाचलेलं तो दुसऱ्यात वापरतो आणि तुमची तुलना बिघडते.

निकाल लिहिताना प्रामाणिक राहा. चारपैकी तीन जणांनी बरोबर उत्तर दिलं, तर "चारपैकी तीन" असंच लिहा, "७५ टक्के" नको. इतक्या थोड्या माणसांची टक्केवारी दिसली की परीक्षकाचा विश्वास कमी होतो, निदान माझा तरी होतो. काउंटरवर अपुरी कागदपत्रं घेऊन परत जाणारे कमी झाले असतील आणि तुमच्याकडे त्याची आधीची नोंद असेल, तर जरूर द्या. नोंद ठेवली नसेल तर अंदाजाचा आकडा देऊ नका, आजपासून मोजायला लागलोय असं लिहा. तेही चालतं.

पाचशे शब्दांच्या टिपणाबद्दल. बहुतेक प्रवेशिका संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होतात, मग अध्यक्षांचं मार्गदर्शन, मग "ग्राहकाभिमुख". परीक्षक एका बैठकीत बरीच टिपणं वाचतात, त्यांना पहिल्या वाक्यात वाचक भेटायला हवा: हे पत्रक कोण, कुठे, कोणत्या वेळी वाचतं आणि वाचून त्याला काय ठरवायचं असतं. त्यानंतर जुन्या पत्रकात तो कुठे अडत होता. त्यानंतर तुम्ही काय बदललं, आणि निम्मी जागा याला द्या: वाचकांना दाखवल्यावर पुन्हा काय बदललं. पहिला नवा मसुदा, वाचकाचं उत्तर आणि त्यानंतरचं वाक्य अशी एक-दोन उदाहरणं घ्या. वरचं जामीनदाराचं वाक्य त्यासाठी उत्तम आहे, फक्त तुमच्या वाचकांच्या उत्तरांतून ते कसं घडलं हे तुमचं तुम्ही लिहा. काही सुटलं नसेल तर तेही सांगा. टिपणच अवघड भाषेत असेल तर पत्रक कितीही चांगलं असलं तरी शंका येते, म्हणून तेही संस्थेबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या.

जुना मजकूर म्हणून खरोखर वापरात असलेलं पत्रकच पाठवा, फरक मोठा दिसावा म्हणून निवडून काढलेला भाग नको. भरलेला अर्ज नमुना म्हणून जोडत असाल तर नाव, खाते क्रमांक, आधार, सही सगळं झाका. संस्थेचं कागदपत्र बाहेर जाणार म्हणून संचालक मंडळाचा ठराव घेऊन ठेवा.

तीन आठवडे पुरतात, पण क्रम पाळा. पहिल्या आठवड्यात वाचक. दुसऱ्यात त्यांच्या उत्तरांवरून दुरुस्ती, त्याच वेळी वकिलांची यादी आणि शिक्षकांचे कर्ते, आणि आठवडा संपायच्या आत दुरुस्त पत्रक तीन-चार नव्या माणसांना. तिसऱ्यात ठराव आणि टिपण. पहिल्या आठवड्यात वाचक जमले नाहीतच, तर यंदा थांबून पुढच्या वर्षी पाठवा असंच मी म्हणेन. पत्रक मात्र तोवर दुरुस्त करून वापरात आणा, कारण सह्या तर रोज होतात.

एक तांत्रिक गोष्ट, जिच्यामुळे चांगल्या प्रवेशिका खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्याकडचे छपाईवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर लावतात. तशी वर्ड फाइल पाठवली आणि परीक्षकाकडे तो फॉन्ट नसला, तर त्याला नुसती चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये लावून घ्या आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करा. ओळींमध्ये अंतर सैल ठेवा, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसले की म्हातारे डोळे तिथेच थांबतात. पाठवण्याआधी ती फाइल संस्थेबाहेरच्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा, आणि एक प्रत साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढा. तुमचे सभासद ती झेरॉक्सवरच वाचणार आहेत, म्हणून रंगीत चौकटीतले आकडे तिथे नीट दिसतात का, ते तपासा.